वाप्पू (हेलसिंकी)

फिनलंडमधील वसंतोत्सव. ३० एप्रिलच्या संध्याकाळी त्याला सुरुवात होते आणि १ मे हा सार्वजनिक सुटीचा दिवस असतो. नाव संत वालपुर्गा हिच्यावरून आलेले असले, तरी आज या सणात धार्मिक असे फारसे काही उरलेले नाही. राजधानी हेलसिंकीत तो विद्यार्थी आणि कामगार या दोघांचा आहे, आणि बराच काळ दोघे तो वेगवेगळा साजरा करीत.

विद्यार्थ्यांचा वसंतोत्सव पूर्वी १३ मे रोजी, फ्लोरा दिनी होई. १८४८ साली याच दिवशी कुम्ताहती माळावर आजचे फिनिश राष्ट्रगीत प्रथम जाहीरपणे गायले गेले. पुढे १ मेचे महत्त्व वाढत गेले. कामगारांचा मे दिन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. पित्कासिल्ता पुलापलीकडे कामगारवस्ती होती; तिथल्या हाकानिएमी चौकातून आजही मोर्चे निघतात. १९१८ च्या यादवी युद्धात कामगारांच्या ‘लाल’ पक्षाचा पराभव झाला, तेव्हा पुलाच्या दोन्ही बाजूंमधली दरी अधिकच रुंदावली. १ मेला कायद्याने सुटी मिळाली ती १९४४ मध्ये. १९७० च्या दशकात डाव्या विचारांचे विद्यार्थीही लाल झेंड्याखाली चालू लागले.

सणाचा केंद्रबिंदू मात्र बाजारचौकातले कारंजे. त्यावरचा हाविस अमांडा हा नग्न स्त्रीपुतळा विले वालग्रेन यांनी घडवला. १९०८ मध्ये तो उभारला गेला, तेव्हा महिला संघटनांनी त्यावर टीका केली होती. शहराने या अमांडाचे नाव लाडाने ‘मान्ता’ करून टाकले. ३० एप्रिलला संध्याकाळी ६ वाजता विद्यार्थी क्रेनला लटकून तिला साबणाने घासूनपुसून आंघोळ घालतात आणि डोक्यावर भलीमोठी पांढरी टोपी चढवतात. त्याच क्षणी खालची गर्दीही आपापल्या टोप्या घालते. शालान्त परीक्षेनंतर मिळालेली ही टोपी आजोबा-आजीही हौसेने मिरवतात. तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांच्या टोपीला गोंडा असतो. विभागानुसार वेगळ्या रंगाचे, बिल्ल्यांनी भरलेले ओव्हरऑल (सदरा-विजार एकत्र असलेले अंगभर पोशाख) मात्र अलीकडच्या काही दशकांतले.

घरोघरी ‘सिमा’ मुरते: पाणी, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट. बाटलीत मनुका टाकतात. त्या वर तरंगू लागल्या की पेय तयार झाले. सोबत साखरेत घोळवलेले डोनट किंवा ‘तिप्पालेइपा’, म्हणजे जिलेबीसारखी गुंतागुंतीची पण पाकाविना तळलेली कुरकुरीत जाळी. १ मेच्या सकाळी लोक काइवोपुइस्तो बागेत चटया अंथरतात. तिथल्याच उल्लानलिन्ना टेकडीवर विद्यार्थी गायकवृंद गातो. पाऊस पडो की हिमवर्षाव होवो, सहल सहसा रद्द होत नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे जाहीर सोहळे झाले नाहीत. जल्लोषात लोक अंगावर चढून पुतळ्याचे नुकसान होत आले होते. २०२३ मध्ये तो दुरुस्तीसाठी हलवला गेला आणि २०२४ चा वाप्पू मान्ताविनाच पार पडला.