पिवळी पिन ते एचडीएमआय: डिस्क प्लेअरच्या जोडणीमागची पार्श्वभूमी

डिस्क प्लेअर टीव्हीला जोडताना अडते ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: प्लेअर एका काळातला असतो आणि टीव्ही दुसऱ्या. एकाच्या पाठीमागे पिवळे, पांढरे, लाल अशी तीन भोके, तर दुसऱ्याच्या पाठीमागे फक्त एचडीएमआय. तंत्रज्ञान पुढे गेले म्हणून असे झाले, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. चांगले चालणारी एक जोडणी परवान्याच्या अटीने, तारीख ठरवून बंद करण्यात आली, हा उरलेला अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही.

लेसरडिस्क ही चित्रपटांची जुनी डिस्क डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. तिच्यावर चित्र मुळातच कंपोझिट स्वरूपात, म्हणजे उजेड आणि रंग एकत्र मिसळून नोंदलेले असे. ते एका, पिवळ्या पिनेच्या वायरीतून नेण्यात वेगळे नुकसान नव्हते. अडचण टीव्हीची होती. कित्येक टीव्हींना अँटेनाशिवाय दुसरी खाचच नसे, म्हणून प्लेअर आपले चित्र एखाद्या चॅनेलच्या रूपात पाठवी आणि टीव्ही त्या चॅनेलवर लावावा लागे. पुढे फ्रान्सने १९८० पासून नव्या टीव्हीवर स्कार्ट ही २१ पिनांची जोडणीची खाच सक्तीची केली. १९८७ मध्ये एस-व्हीएचएस या सुधारित व्हिडिओ टेपबरोबर एस-व्हिडिओची गोल खाच आली आणि उजेड व रंग वेगळ्या तारांतून जाऊ लागले.

खरी विसंगती डीव्हीडीने निर्माण केली. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आलेल्या या डिस्कवर चित्र तीन भागांत साठवलेले असते: एक उजेडाचा, दोन रंगफरकाचे. हे वेगळे असलेले भाग पिवळ्या वायरीसाठी प्लेअरने एकत्र कालवायचे आणि टीव्हीने पुन्हा निवडायचे. ती निवड कधीच पुरती जमत नाही. बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुषी रंग चमकतात, अक्षरांच्या कडांना ठिपके सरकताना दिसतात. डिस्कमध्ये काही दोष नसतो. वायर चुकीची निवडलेली असते.

यावर उपाय म्हणजे कंपोनंट: हिरवी, निळी, लाल अशा तीन पिना फक्त चित्रासाठी. आवाजाची लाल पिन वेगळी, त्यामुळे एकाच प्लेअरवर दोन लाल भोके. हिरवी पिन टीव्हीच्या पिवळ्या भोकात गेली तर चित्र कृष्णधवल दिसते, कारण हिरव्या तारेत फक्त उजेडाचा भाग असतो. पुष्कळ चांगले प्लेअर केवळ यामुळे बिघडलेले समजून परत केले गेले असतील. कंपोनंटचे मोल मात्र मोठे होते. याच तीन तारांतून सलग रेषांचे प्रोग्रेसिव्ह चित्र जाऊ शकत होते, आणि पुढे १०८० रेषांचे हाय डेफिनेशन चित्रही.

नक्कल रोखणाऱ्या कुलपाची सवय एचडीएमआय येण्याआधीच लागली होती. डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरमधून टीव्हीला जोडला की चित्र उजळते-मंदावते, हा अनुभव अनेकांचा आहे. टेपवर नक्कल होऊ नये म्हणून प्लेअर चित्राच्या न दिसणाऱ्या रेषांत मुद्दाम खोटे ठोके घालतो, आणि व्हीसीआरचे आपोआप पातळी जुळवणारे सर्किट त्यांना फसते. ज्यांच्या टीव्हीला फक्त अँटेनाची खाच होती आणि व्हीसीआरमधून जाण्यावाचून इलाज नव्हता, त्यांना नक्कल करायची नसतानाही हा त्रास सोसावा लागला.

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर झाली. चित्र आणि आवाज एकाच १९ पिनांच्या वायरीतून, तेही डिजिटल. सोय निर्विवाद होती. पण तिच्याबरोबर एचडीसीपी नावाचे कुलूपही आले. संरक्षित चित्र दाखवण्याआधी प्लेअर आणि टीव्ही एकमेकांच्या किल्ल्या तपासतात. ती तपासणी फसली की पडदा काळा राहतो किंवा लुकलुकतो. प्लेअर बंद करून पुन्हा चालू केला की पुष्कळदा चित्र येते, कारण तपासणी नव्याने होते.

आता वादग्रस्त निर्णयाकडे. हाय डेफिनेशन चित्रपटांची डिस्क ब्लू-रे २००६ मध्ये आली तेव्हा बाजारात असे हाय डेफिनेशन टीव्ही होते ज्यांना एचडीएमआय नव्हतेच. अमेरिकेत १९९८ पासून असे टीव्ही विकले जात होते आणि त्यांच्यासाठी कंपोनंट हाच राजमार्ग होता. ब्लू-रेच्या एएसीएस कुलपात सुरुवातीलाच एक तरतूद होती: डिस्कवर विशिष्ट चिन्ह असेल तर प्लेअरने कंपोनंटमधून चित्र ९६० बाय ५४० इतकेच द्यावे. १९२० बाय १०८० च्या तुलनेत हे बिंदू एक चतुर्थांश होतात. त्यानंतर प्लेअर बनवणाऱ्यांना मिळणाऱ्या एएसीएसच्या परवान्यात दोन तारखा आल्या. ३१ डिसेंबर २०१० नंतर बनणाऱ्या नव्या प्लेअरने संरक्षित ब्लू-रेचे चित्र एनालॉग वाटेने, म्हणजे कंपोनंट किंवा पिवळ्या पिनेसारख्या बिगर-डिजिटल तारेतून, फक्त साध्या, एकाआड एक रेषांच्या दर्जात द्यायचे. ३१ डिसेंबर २०१३ नंतर बनणाऱ्या प्लेअरने ते एनालॉग वाटेने द्यायचेच नाही. या अटीला ‘एनालॉग सनसेट’ म्हणतात. शब्द असा निवडला आहे की वाटावे, हे आपोआप घडले. सूर्य मावळतो; ही वाट बंद केली गेली.

चित्रपट निर्मात्यांची बाजू अशी होती: एनालॉग तारेला कुलूप लावता येत नाही, त्यामुळे कोणीही त्या तारेतून पूर्ण दर्जाचे चित्र पुन्हा डिजिटल करून घेऊ शकेल. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. पण तोवर काय घडले होते ते पाहावे. २००७ मध्ये एएसीएसची एक किल्ली इंटरनेटवर सर्वत्र पसरली होती. सप्टेंबर २०१० मध्ये एचडीसीपीची मुख्य किल्लीच उघड झाली, आणि ती खरी असल्याचे हे कुलूप बनवणाऱ्यांनी मान्य केले. पहिली मुदत यायला तेव्हा चार महिनेही नव्हते. किल्ली हाती असलेल्याने कंपोनंटच्या तारेतून चित्र गोळा करत बसण्याचे कारण उरले नव्हते. अट लागू झाली ती ज्याने दहा वर्षांपूर्वी भरपूर पैसे मोजून चांगला टीव्ही घेतला होता त्याला. त्याचा टीव्ही १०८० रेषा दाखवू शकत होता, त्याची वायर त्या नेऊ शकत होती, डिस्कवर त्या होत्या. नव्या प्लेअरला द्यायची परवानगी नव्हती.

डीव्हीडीच्या बाबतीतही अशीच मर्यादा होती, तिची चर्चा कमी झाली. संरक्षित डीव्हीडीचे चित्र वाढवून १०८० रेषांचे करणारे प्लेअर ते फक्त एचडीएमआयमधून देत; कंपोनंटमधून ४८० किंवा ५७६ प्रोग्रेसिव्हच्या पुढे जायला मनाई. प्लेअर खराब आहे असे समजून लोक मेनूमध्ये सेटिंग शोधत राहिले.

२०१६ मध्ये अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली तेव्हा तोच प्रकार एचडीएमआयच्या आतच घडला. तिच्या ४के, म्हणजे १९२० बाय १०८० च्या चौपट बिंदूंच्या चित्राला एचडीसीपीची २.२ ही आवृत्ती लागते. आधी विकल्या गेलेल्या कित्येक ४के टीव्हींत ते नव्हते, त्यामुळे खाच तीच, वायर तीच, पण चित्र १०८० रेषांचेच. म्हणून जोडणीचा प्रश्न आला की मी वायरीच्या आधी टीव्हीच्या त्या विशिष्ट खाचेचा एचडीसीपी क्रमांक विचारतो. काही टीव्हींत चारपैकी एकाच खाचेत २.२ असते.

पिवळी पिन पुरती गेलेली नाही. एएसीएसची अट साध्या डीव्हीडी प्लेअरला लागू नव्हती, म्हणून त्याच्या पाठीमागे ती टिकली. टीव्हीच्या बाजूने मात्र जागा आकसली. अनेक नव्या टीव्हींत पिवळी आणि हिरवी मिळून एकच भोक असते आणि मेनूमध्ये एव्ही की कंपोनंट ते निवडावे लागते. काहींत तिन्ही पिनांऐवजी हेडफोनसारखी ३.५ मिलिमीटरची एकच खाच असते. तिच्या चार पट्ट्यांचा क्रम सगळे उत्पादक सारखा ठेवत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच उपकरणाची तशीच दिसणारी वायर लावली तर चित्राच्या जागी आवाज किंवा नुसती गुणगुण येते. टीव्हीच्या खोक्यात आलेली ती आखूड वायर जपून ठेवावी.