दगडखाण, क्रशर किंवा वाळूउपशाने नुकसान झालंय? हरित लवादाकडे अर्ज : पात्रता, मुदत आणि कागदपत्रं

खडी, वाळू, मुरूम यांची किंमत बांधकाम करणारा मोजतो, असं आपण धरून चालतो. पण तिचा मोठा हिस्सा खाणीशेजारचं गाव भरत असतं. सुरुंगाने भिंती तडकतात, दिवाळीआधीच विहीर तळ गाठते, क्रशरच्या धुळीने ज्वारीची पानं पांढरी पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ मध्ये जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन असल्याचं सांगितलं. एवढा माल कुठल्या तरी डोंगरातून आणि नदीतूनच निघतो आणि तिथे माणसं राहत असतात.

या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० देतो. या न्यायाधिकरणालाच बोलीत हरित लवाद म्हणतात. महाराष्ट्रासाठी त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. पुष्कळ गावांची बाजू खरी असते, तरी ती मुदतीत न आल्यामुळे अडकते. म्हणून आधी मुदतींचं बोलू.

तीन कलमं, तीन मुदती

खाणीला दिलेली पर्यावरण मंजुरीच चुकीची आहे, असं म्हणायचं असेल तर ते कलम १६ खालचं अपील. मुदत आदेश कळल्यापासून फक्त ३० दिवस. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पुढे नाही. जेसीबी येईपर्यंत गावाला मंजुरीचा पत्ताच नसतो, त्यामुळे ही मुदत सगळ्यात जास्त हुकते. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर आपल्या तालुक्यातले प्रस्ताव आणि मंजुऱ्या अधूनमधून पाहत जा.

खाण चालू आहे, अटी मोडल्या जात आहेत आणि ते थांबवायचं आहे, तर कलम १४ खाली अर्ज करायचा. वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, वर सबळ कारणासाठी ६० दिवस.

भरपाई, किंवा बिघडलेली जमीन-पाणी पूर्ववत करून मागायचं असेल तर कलम १५. इथे मुदत ५ वर्षांची आहे आणि तीही पहिल्या घटनेपासून मोजतात. त्यामुळे अर्जात पहिली तारीख स्पष्ट यायला हवी. ‘बऱ्याच वर्षांपासून त्रास आहे’ हे वाक्य आपल्याच विरोधात वापरलं जातं.

अर्ज कोण करू शकतं

ज्याला इजा झाली तो, ज्याची मालमत्ता बिघडली तो मालक, मृत्यू झाला असेल तर कायदेशीर वारस, यांपैकी कुणीही अधिकार दिलेला प्रतिनिधी, आणि कोणतीही बाधित व्यक्ती किंवा संस्था. सातबारा नावावर नसलेला शेतमजूरही यात बसतो, कारण बुडालेली मजुरी आणि उपचारांचा खर्च हे भरपाईचे वेगळे प्रकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिलेले आहेत. पिकं, झाडं, फळबागा, दुभती आणि ओढकामाची जनावरं यांचं नुकसानही तिथे आहे. वकील लावणं सक्तीचं नाही, स्वतः बाजू मांडता येते.

एक मर्यादा नीट लक्षात घ्या. लवाद पाणी, हवा, वन, जैवविविधता आणि पर्यावरण संरक्षणाच्या ठरावीक कायद्यांखालचे वादच ऐकतो. रॉयल्टी न भरता गौण खनिज, म्हणजे वाळू, खडी, मुरूम, उचललं जात असेल, तर ती तक्रार तहसीलदारांकडे, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली. तिथे खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्तीची तरतूद आहे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात, आणि तहसीलदारांचा पंचनामा पुढे लवादासमोर कामी येतो.

पुरावा कसा जमवायचा

खरी मेहनत इथे आहे आणि ती अर्जाच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी.

भिंतीला तडा गेला की त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा. तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवा. भिंत पुढे हलली की काच तडकते, आणि ती कोणत्या तारखेला तडकली हे सुरुंगाच्या वेळेशी ताडून पाहता येतं. सुरुंगांची वेगळी वही ठेवा : तारीख, वेळ, किती स्फोट, दगड कुठवर उडाले.

विहिरीसाठी दर हातावर गाठ मारलेला दोर सोडा आणि महिन्याच्या ठरावीक दिवशी पाण्याची पातळी लिहून ठेवा. नदीच्या पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरींचं पाणी तिकडे ओढलं जातं. उपसा सुरू होण्याआधीच्या नोंदी असतील तर हा संबंध दाखवणं सोपं जातं. त्या नसतील तर ‘पाऊसच कमी झाला’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून पर्जन्यमानाची आकडेवारीही सोबत जोडा.

सिलिका असलेल्या दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. खोकला, धाप असलेल्यांचे एक्स-रे आणि केसपेपर तारखेनुसार लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक भेटीचा कागद मागून घ्या. रुग्ण क्रशरवरचा कामगार असेल, तर मालकाकडून व्यावसायिक आजाराची भरपाई मागण्याचा मार्ग वेगळा आहे.

सरकारी कागद माहितीच्या अधिकारात मिळतात. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. पर्यावरण मंजुरी आणि तिच्या अटी, खाणपट्ट्याचा आदेश व नकाशा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आणि दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबरला द्यायचे अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी कशा पाळल्या हे सांगणारे खाणचालकाचे अहवाल, मागा. सगळ्यात बोलका कागद हा अहवालच. त्यात ‘नियमित पाणी फवारणी केली जाते’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याच आठवड्यातला तुमचा धुळीचा फोटो शेजारी ठेवता येतो. ‘लहान खाणीला मंजुरी लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर २७ फेब्रुवारी २०१२ चा दीपक कुमार विरुद्ध हरियाणा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरली ती त्याने.

अर्जासोबत काय जोडायचं

विहित नमुन्यातला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, तारीखवार घटनाक्रम, ओळखपत्र, सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, पंचनामे, फोटो, वैद्यकीय कागद, आधी केलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या आणि ग्रामसभेचा ठराव असल्यास तो. दुसऱ्या न्यायालयात किंवा कार्यालयात भरपाई मागितली किंवा मिळाली असेल तर ते लपवू नका, कायद्याने ते सांगणं बंधनकारक आहे. भरपाईची रक्कम प्रकारवार मांडा : घरदुरुस्ती इतकी, पीक इतकं, औषधपाणी इतकं.

शुल्क भरपाई मागितली नसेल तर १,००० रुपये. मागितली असेल तर त्या रकमेच्या १ टक्का, पण किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते लागत नाही. लवादाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी कागदांना भाषांतर जोडावं लागतं. हा खर्च गावाला जड जातो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर मदतीचा अर्ज आधीच करून ठेवा.

पुढे काय होतं

अर्ज दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. लवाद संयुक्त समिती नेमून जागेची पाहणी करवून घेऊ शकतो. पाहणीच्या दिवशी वही, दोर आणि काचेच्या पट्ट्या दाखवायला घरचं माणूस हजर ठेवा. निकाल देताना ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व लावणं लवादावर बंधनकारक आहे. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. निकाल बाजूने लागूनही पैसे मिळाले नाहीत, तर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी त्याची अंमलबजावणी मागता येते, आणि तो अर्जही लवादाकडेच करायचा असतो.