मारिया चाप्लिका आणि सैबेरिया : पार्श्वभूमी

पोलिश मानववंशशास्त्रज्ञ मारिया चाप्लिका यांचा जन्म १८८४ मध्ये पोलंडमधल्या वॉर्सात झाला. शहर रशियन झारच्या ताब्यात होतं. सरकारी शिक्षण रशियनमधून, आणि मुलींना विद्यापीठाची दारं बंद. यावर पोलिश मंडळींनी वाट काढली ती ‘फिरत्या विद्यापीठा’ची. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या घरी वर्ग भरत. मेरी क्युरी तिथं शिकल्या, पुढे चाप्लिकाही.

सैबेरिया म्हटलं की पोलिश घरांत धडकी भरायची. रशियाविरुद्धचा १८६३चा पोलिश उठाव फसल्यावर हजारो लोकांना तिकडे हद्दपार केलं गेलं होतं. पण तिथल्या लोकजीवनाचे नाणावलेले अभ्यासक घडले ते पुढच्या काळातल्या हद्दपारांमधूनच. शेरोशेव्हस्कींनी याकुत जमातीवर लिहिलं, ब्रॉनिस्वाफ पिल्सुद्स्कींनी सखालीन बेटावरच्या ऐनू जमातीवर, रशियन क्रांतिकारक बोगोराझ यांनी चुकची जमातीवर. यातलं बरंचसं रशियनमध्ये होतं, इंग्रजी वाचकांच्या आवाक्याबाहेर.

१९१० मध्ये शिष्यवृत्तीवर चाप्लिका लंडनला आल्या, त्याच वर्षी पुढे मानववंशशास्त्रात नाव कमावलेले पोलिश अभ्यासक मालिनोव्हस्कीही. पुढे ऑक्सफर्डमध्ये तिथले मानववंशशास्त्रज्ञ मॅरेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सगळं साहित्य धुंडाळून ‘ॲबोरिजिनल सैबेरिया’ लिहिलं. झारच्या राजवटीनं लादलेली रशियन इथं त्यांचं मोठं बळ ठरली. १९१४ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यांनी सैबेरियात पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात सैबेरियातल्या येनिसेई नदीवरच्या मोहिमेचं नेतृत्व त्यांनी केलं. सोबत चित्रकार डोरा कर्टिस, पक्षीअभ्यासक मॉड हॅव्हिलंड आणि अमेरिकन हेन्री हॉल. महायुद्ध पेटलं, दोघी परतल्या. चाप्लिका आणि हॉल मात्र थांबले. तिथल्या तुंगुस जमातीतल्या मिचिखा या बाईला सोबत घेऊन रेनडिअरच्या घसरगाड्यांवरून त्यांनी अख्खा हिवाळा टुंड्रात काढला, एका तंबूवरून दुसऱ्या तंबूवर जात. पुस्तकातला शामान (आत्म्यांशी संवाद साधणारा जमातीतला मांत्रिक) आणि तंबूतली माणसं त्यांनी पहिल्यांदा ताडून पाहिली ती इथं.

१९१६ मध्ये ऑक्सफर्डनं त्यांना मानववंशशास्त्राच्या व्याख्यातापदी नेमलं, तिथल्या या विषयातल्या पहिल्या स्त्री व्याख्यात्या म्हणून. पण ही सोय युद्धापुरतीच होती. युद्ध संपलं आणि १९१९ मध्ये पद गेलं. ज्या बाईनं थेट टुंड्रातून ज्ञान आणलं तिला कायमची जागा नाकारणं हा माझ्या मते उघड अन्याय होता. १९२० मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांचा गौरव केला, तरी पैशांची विवंचना सुटली नाही. ब्रिस्टलला त्या शिकवू लागल्या. तिथंच मे १९२१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. वय ३६. त्यांचं लेखन चार खंडांत एकत्र छापलं गेलं ते १९९९ मध्ये.