मोबाईल नेटवर्कची क्षमता

एका ठिकाणी एका वेळी टॉवर एकूण किती डेटा वाहून नेऊ शकतो, ती नेटवर्कची क्षमता. रेंज वेगळी आणि क्षमता वेगळी, पण लोक हमखास गल्लत करतात. रेंज फुल दिसते तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचं घड्याळ काही जात नाही, कारण सिग्नल पोचतोय पण त्या सेलमधली (म्हणजे एका अँटेनाच्या टापूतली) जागा तिथल्या सगळ्यांत वाटली गेलीय.

भारतात खरा ताण आला सप्टेंबर २०१६ ला जिओ आल्यावर. त्याआधी माणशी महिन्याला सरासरी १ जीबीसुद्धा लागत नव्हता, आता २० च्या वर जातो, आणि तरी नेटवर्क बसलं नाही. हे जमलं कसं, तर पहिली गोष्ट स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलसाठी मिळालेल्या रेडिओ फ्रिक्वेन्सी. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्येच दाखवलं होतं की फ्रिक्वेन्सीचा पट्टा दुप्पट केला तर क्षमता दुप्पट होते, नुसती पॉवर वाढवून मात्र फार थोडं हाती लागतं. ४जीचा एक कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक सलग पट्टा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा, आणि १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे सुरू झालेल्या ५जीला ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये तोच १०० पर्यंत नेता येतो. फक्त ही वरची फ्रिक्वेन्सी भिंतीतून नीट आत शिरत नाही, म्हणून घरात ५जी गायब आणि गॅलरीत हजर.

दुसरा उपाय जुनाच, सेल लहान करायचे. तीच फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची. आजवरची सगळ्यात मोठी वाढ यातूनच आली, पण त्यासाठी जागा लागते, परवानगी लागते आणि टॉवरपर्यंत फायबर लागते (गच्चीवर टॉवर नको म्हणणारी सोसायटीच मग रेंज नाही म्हणून ओरडते, ते वेगळंच). फायबर नसेल तर वर ५जीचा अँटेना लावून उपयोग काय, टॉवरला बाकीच्या नेटवर्कशी जोडणारा मायक्रोवेव्हचा बिनतारी दुवाच तुंबतो.

त्यामुळे नेटवर्क पुरेल का, याचं उत्तर देशभराच्या सरासरीत सापडत नाही. नेटवर्क अडतं ते ठरावीक जागी, ठरावीक वेळी. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर किंवा पुण्यात लक्ष्मी रोडवर बघा. अशा गर्दीसाठी गाडीवरचे तात्पुरते टॉवर उभे करता येतात, पण तिथे सगळेच लाइव्ह जात असतात, म्हणजे डेटा वर पाठवत असतात, आणि ५जीच्या ३३०० च्या बँडमध्ये अपलोड आणि डाउनलोड एकाच पट्ट्यावर आळीपाळीने चालतात, त्यातला बहुतेक वेळ डाउनलोडला राखलेला असतो.