छातीत बसवायचं मशीन : पेसमेकर, आयसीडी आणि सीआरटी

हृदयाचे ठोके फार कमी पडायला लागले, किंवा बेताल सुटले, किंवा हृदयाचा पंपच ढिला पडला, तर कॉलरबोनच्या खाली कातडीच्या आत बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र कायमचं बसवतात. नाशिककडे त्याला सरसकट 'मशीन' म्हणतात, गावाकडे 'बॅटरी बसवली' असंही ऐकू येतं, आणि जरा माहिती असलेला माणूस असेल तर 'पेसमेकर'. खरं म्हणजे ही तीन वेगळी यंत्रं आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. पेसमेकर मंद हृदयाला ठोका देतो, आयसीडी पिसाटलेल्या हृदयाला शॉक देऊन ताळ्यावर आणतो, आणि सीआरटी हृदयाच्या दोन बाजूंना एका वेळी आकुंचन पावायला लावतो. आपल्या माणसाच्या छातीत यातलं नेमकं कोणतं आहे हे घरच्यांना बऱ्याचदा सांगताच येत नाही, आणि पुढची निम्मी गडबड तिथूनच सुरू होते.

आणखी एक घोळ स्प्रिंगचा. अँजिओप्लास्टीत 'स्प्रिंग टाकतात' ती स्टेंट, ती रक्तवाहिनीत बसते आणि ब्लॉक उघडा ठेवते, तिला ना बॅटरी ना तार. तो नळाचा प्रॉब्लेम, हा लाईटचा. त्यात 'हार्ट ब्लॉक' हा शब्द अजून गोंधळ घालतो कारण त्यात रक्ताचा ब्लॉक नसतोच, विजेचा संदेश अडलेला असतो.

हृदयाची वायरिंग अशी आहे. उजव्या वरच्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो, तो आराम करताना मिनिटाला ६० ते १०० वेळा स्वतःहून विजेचा बारीक झटका देतो, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख. तो संदेश मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थांबतो, म्हणजे वरच्या कप्प्यांना आपलं रक्त खाली ढकलायला वेळ मिळतो, आणि मग डावी-उजवी अशा दोन फांद्यांतून खालच्या मोठ्या कप्प्यांत पसरतो. वय झालं की ही वायरिंग झिजते, हार्ट अटॅकनंतर कधी तिचा तुकडाच मरतो, काहींना जन्मतःच दोष असतो. वरून संदेश खाली पोचेनासाच झाला की त्याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात, तेव्हा खालचे कप्पे आपल्या मनाने तीस-चाळीसच्या गतीने कसेबसे चालत राहतात.

आमच्या मामांचं हेच झालं होतं. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे, भाद्रपदात बागेत उभ्या-उभ्या भोवळ येऊन पडले, सगळ्यांना वाटलं पित्त असेल म्हणून लिंबू-सोडा पाजला, दोन दिवसांनी परत तेच, मग तालुक्याच्या डॉक्टरांनी नाडी मोजली तर चौतीस. ईसीजीची पट्टी बघून त्यांनी चहासुद्धा घेऊ दिला नाही, गाडी थेट नाशिकला. तिथे आधी मानेच्या शिरेतून टेम्पररी पेसमेकर लावला, त्याचा डबा शरीराबाहेर असतो आणि तो दोन-चार दिवसांपुरताच, तो बघून अर्ध्या नातेवाईकांनी गावाकडे फोन करून सांगितलं की मशीन बसलं, आणि परमनंटच्या संमतीची सही मागितली तेव्हा हेच लोक विचारायला लागले की आता परत कशाला.

परमनंट पेसमेकर म्हणजे टायटॅनियमची चपटी डबी, वजन साधारण २० ते ३० ग्रॅम, आत लिथियमची बॅटरी आणि सर्किट. डबीतून एक किंवा दोन तारा निघतात, त्यांना लीड म्हणतात, त्या खांद्याखालच्या शिरेतून हृदयात उतरवून टोक आतल्या भिंतीला बारीक स्क्रूने किंवा काट्यांनी अडकवतात. छाती उघडावी लागत नाही. कॅथलॅबमध्ये एक्स-रेच्या पडद्यावर बघत, जागा बधिर करून, तास-दोन तासात होतं आणि पेशंट बहुतेक वेळा जागा असतो, बोलतही असतो. एक तार असेल तर सिंगल चेंबर, दोन असतील तर ड्युअल चेंबर. मशीन सतत ठोके देत बसत नाही, ते ऐकत असतं, हृदयाचा स्वतःचा ठोका आला की गप्प, नाही आला की एक झटका. बऱ्याच मशिनांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो त्यामुळे जिना चढताना गती आपोआप वाढते. अलीकडे तारच नसलेला, मोठ्या कॅप्सूलएवढा पेसमेकरही आलाय, तो जांघेतल्या शिरेतून नेऊन थेट हृदयात सोडतात, अमेरिकेत त्याला २०१६ साली मंजुरी मिळाली. आणि ठोका हृदयाच्या मूळ वायरिंगलाच द्यायची जी पद्धत आता जोरात आहे तिची कायमस्वरूपी सुरुवात २००० साली छापून आलेल्या एका कामापासून धरतात, त्यात पहिलं नाव प्रमोद देशमुख यांचं, अमेरिकेतले डॉक्टर.

इतिहास सांगताना लोडशेडिंगची आठवण येतेच. १९५० च्या दशकात पेसमेकर म्हणजे भिंतीच्या प्लगला जोडलेलं टेबलाएवढं यंत्र होतं. ३१ ऑक्टोबर १९५७ ला अमेरिकेत मिनियापोलिस भागात लाईट गेली, आणि त्यानंतर तिथले सर्जन लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बॅकन नावाच्या इंजिनिअरने गॅरेजमध्ये बॅटरीवरचा, अंगावर अडकवता येणारा डबा बनवला, सर्किटची कल्पना त्याने संगीतात ताल मोजायच्या मेट्रोनोमवरून घेतली. पूर्ण शरीरात बसणारा पहिला पेसमेकर मात्र स्वीडनचा. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोमजवळ सर्जन ओके सेनिंग यांनी अर्ने लार्सन या पेशंटला तो बसवला, बनवला होता इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांनी, आणि रेझिनचा साचा म्हणून वापरली होती चक्क बूटपॉलिशची डबी. ते मशीन काही तासच चाललं. पण लार्सन पुढे वीसहून जास्त मशिनं बदलत २००१ पर्यंत जगले, तोवर सर्जन आणि इंजिनिअर दोघंही गेलेले होते.

आता आयसीडी. ही डबी पेसमेकरपेक्षा मोठी आणि तारही जाड. हिचं मुख्य काम मंद ठोक्यांसाठी नाही (गरज पडली तर पेसमेकरसारखा ठोका तीही देते), उलट खालचे कप्पे मिनिटाला दोनशेच्या वर सुटतात किंवा नुसते थरथरतात तेव्हासाठी आहे. अशा वेळी रक्त पुढे जातच नाही, काही सेकंदात माणूस कोसळतो आणि मिनिटांत जातो. आयसीडी ही लय ओळखते, आधी जलद ठोके देऊन ती मोडायचा प्रयत्न करते, त्याने नाही भागलं तर ३० ते ४० ज्यूलचा शॉक. पोलंडमध्ये जन्मलेले डॉक्टर मिशेल मिरोवस्की यांनी ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच बड्या लोकांनी ती उडवून लावली होती, मग १९८० च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिली माणसात बसली. शॉक शुद्धीवर असताना बसला तर छातीत बैलाने लाथ घातल्यासारखं वाटतं असं पेशंट सांगतात, त्या वेळी हात धरलेल्या माणसाला झिणझिण्या येऊ शकतात पण इजा होत नाही. एक शॉक बसून बरं वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, लागोपाठ दोन-तीन बसले किंवा चक्कर-धाप असेल तर वाट न बघता १०८. कधी कधी मशीन फसतं आणि गरज नसताना शॉक देतं, मग सेटिंग बदलावं लागतं. अशा शॉकनंतर काही पेशंट इतके घाबरतात की जिनासुद्धा चढत नाहीत, या भीतीलाही उपचार आहेत पण त्याबद्दल ओपीडीत कुणी फारसं बोलत नाही.

सीआरटी हे हार्ट फेल्युअरचं मशीन. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, पंप कमजोर होणं, धाप लागते, पाय सुजतात, रात्री उशा वाढवत जाव्या लागतात. टू-डी इकोमध्ये ईएफ नावाचा आकडा येतो, प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो, नॉर्मल साधारण ५५ च्या वर. काही पेशंटमध्ये पंप कमजोर असतोच, वर वायरिंगची डावी फांदीही बंद, त्याला एलबीबीबी म्हणतात, मग डाव्या कप्प्याची एक भिंत आधी आकसते आणि दुसरी उशिरा. नाशिक ढोलच्या पथकात निम्मे ढोल ताशाच्या इशाऱ्यावर पडले आणि निम्मे अर्ध्या मात्रेने मागून आले तर जे होईल तेच हे, जोर सगळे लावतायत पण दणका बसत नाही. सीआरटीत म्हणून तिसरी तार असते, ती हृदयामागच्या शिरेतून डाव्या बाजूला नेतात आणि दोन्ही बाजूंना मिळून ठोका देतात. सर्वात जास्त फायदा कुणाला, तर औषधं पूर्ण चालू असून ईएफ ३५ किंवा खाली, आणि ईसीजीत एलबीबीबीसह क्यूआरएसची (खालच्या कप्प्यांत संदेश पसरतानाच्या लाटेची) रुंदी १५० मिलिसेकंद किंवा जास्त. तरीसुद्धा साधारण तिघांतल्या एकाला म्हणावा तसा फरक पडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. शॉकची सोय असलेली सीआरटी-डी, नसलेली सीआरटी-पी.

ईएफ कमी दिसला की लगेच आयसीडी किंवा सीआरटी असं मात्र नसतं. आधी निदान तीन महिने गोळ्या पूर्ण डोसमध्ये, मग परत इको, बऱ्याच जणांचा आकडा गोळ्यांनीच वर येतो. अटॅकनंतरही प्रतिबंध म्हणून आयसीडी बसवायची तर किमान ४० दिवस थांबतात. कम्प्लीट हार्ट ब्लॉकच्या पेसमेकरला मात्र अशी वाट बघत नाहीत.

खर्चाचं म्हटलं तर पेसमेकर सगळ्यात स्वस्त, सीआरटी-डी सगळ्यात महाग, मधे कितीतरी पट फरक. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसतो, तेव्हा ॲडमिट होतानाच रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, गाठायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. नाशिकमध्ये शालिमारला हृदय, किडनी आणि कॅन्सरसाठीचं सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आणि शहरात कॅथलॅब असलेली खासगी हॉस्पिटलंही बरीच झालीत.

बसवल्यानंतरचे चार ते सहा आठवडे महत्त्वाचे, तारेची टोकं आत नीट धरेपर्यंत त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि जड उचलायचं नाही. हात अगदी बांधूनही ठेवायचा नाही, नाहीतर खांदा धरतो. हा नियम द्राक्षवाल्यांना फार जड जातो कारण बागेतलं सगळंच काम मांडवाखाली हात वर करून. मामा तिसऱ्या आठवड्यात गोडी छाटणीला 'मजुरांना नुसतं दाखवायला' म्हणून गेले, कात्री हातात घेतली, चार वेली केल्या, आणि संध्याकाळी परत चक्कर. तार सरकली होती, पुन्हा कॅथलॅब. येवल्याचे संक्रांतीचे पतंगवाले आणि जुन्या नाशकातले रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारणारे यांनीही हे लक्षात ठेवावं, रहाडीच्या पाण्यात तर जखम भिजायची वेगळी भीती. जखम लाल झाली, फुगली, पाणी यायला लागलं तर हळद भरायची नाही, सरळ डॉक्टर. इन्फेक्शन डबीपर्यंत गेलं की बहुतेक वेळा तारांसकट सगळंच काढावं लागतं.

घरातली मिक्सर, टीव्ही, गिझर, मायक्रोवेव्ह ही चांगल्या स्थितीतली उपकरणं चालतात. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब. मोबाईल शर्टाच्या खिशात नको, दुसऱ्या बाजूच्या कानाला, मशीनपासून सहा इंच तरी दूर, आणि मागे लोहचुंबक असलेले नवे फोन तर नक्कीच लांब, कारण चुंबक जवळ आला की पेसमेकर न ऐकता ठराविक गतीने ठोके द्यायला लागतो आणि आयसीडीचं शॉक देणं थांबू शकतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्यांनी कामावर परत जायच्या आधी मशीन, अँपिअर आणि अंतर हे तिन्ही डॉक्टरांशी बोलून ठरवावं. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर करंट मारत असेल तर तो आधी दुरुस्त करा. त्र्यंबकेश्वरला, विमानतळावर किंवा कुंभातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न रेंगाळता चालत जायचं, हातातलं डिटेक्टर छातीवर धरू द्यायचं नाही. एमआरआय हल्लीच्या बऱ्याच मशिनांवर होतो, पण डबी आणि तारा दोन्ही त्या प्रकारच्या हव्यात आणि आधी मशीन त्या मोडवर टाकावं लागतं. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक मात्र अजिबात नको.

तपासणी सुईशिवाय होते, छातीवर एक वँड धरून किंवा वायरलेसने कॉम्प्युटर मशीनशी बोलतो, किती ठोके कुणी दिले, मधे काय गडबड झाली, बॅटरी किती उरली सगळं दिसतं. पेसमेकरची बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं, आयसीडी-सीआरटीची त्याहून कमी. ती टॉर्चच्या सेलसारखी अचानक जात नाही, काही महिने आधी सूचना देते, आणि मग फक्त डबी बदलतात, तारा चांगल्या असतील तर त्याच ठेवतात.

मशीन असलं की जीव लवकर जात नाही, अडकून राहतो, असं पंचवटीत अमरधामला, म्हणजे स्मशानात, उभं राहिलं की कुणीतरी कुजबुजतंच. तसं नसतं. हृदयाचा स्नायू मेला की पेसमेकरचे झटके त्याला हलवू शकत नाहीत. आयसीडीचं वेगळं, शेवटच्या आजारपणात ती विनाकारण शॉक देत राहू शकते, म्हणून घरच्यांशी बोलून डॉक्टर शॉकचा भाग आधीच बंद करतात, पेसमेकरचा भाग चालू ठेवता येतो. दहनाच्या आधी मात्र कोणतंही मशीन काढावंच लागतं, लाकडावर असो की विद्युतदाहिनीत, बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. लहानशी चीर देऊन काढतात, आणि आयसीडी असेल तर आधी बंद केल्याशिवाय तार कापायची नाही, कापणाऱ्याला शॉक बसू शकतो. त्या घाईत कुणी विचारलं की हे कुठलं मशीन, तर उत्तर देणारा माणूस किंवा मशीनचं कार्ड समोर लागतं. मामांचं कार्ड आधी सातबाऱ्याच्या पिशवीत होतं, मामीने ते काढून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय आणि मागे पेनाने लिहिलंय, 'हे शॉकवालं नाही'.