हिरव्या पिल्लाचा कोंबडाच का होतो?

आठवडी बाजारात डालग्यात हिरवी, गुलाबी, निळी पिल्लं चिवचिवत असतात. पोरं हट्टाला पेटतात आणि घरी चार पिल्लं येतात. आमच्याकडे त्यातलं एकच जगलं. महिनाभरात हिरवा रंग उतरून पांढरी पिसं आली, आणि एका पहाटे त्यानं घोगऱ्या आवाजात बांग दिली. शेजारच्यांचाही कोंबडाच निघाला.

यात नशिबाचा प्रश्न नव्हता. अंड्यांसाठी पाळतात त्या पांढऱ्या लेगहॉर्न वाणाच्या पिल्लांत निम्मे नर निघतात. ते अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरसारखे भराभर भरणारही नाहीत, म्हणून हॅचरीवाले पहिल्याच दिवशी त्यांना बाजूला काढतात. त्यातलेच काही रंगात बुडून बाजारात येतात.

पण मुठीत मावणाऱ्या पिल्लांतला नर ओळखायचा कशावरून? वृषणं पोटात, बाहेर काहीच नाही. जपानी संशोधकांनी १९२०च्या दशकात पिल्लाचं गुदद्वार हलकेच उलटून आतला बारीकसा उंचवटा बघायची पद्धत बसवली. ते सरावलेल्या हाताचं काम आहे. घरी करू नये, पिल्लू जायचं.

दुसरी खूण पंखात असते. एक दिवसाच्या पिल्लाचा पंख उलगडला की काठाला कोवळ्या पिसांच्या दोन रांगा दिसतात. मादीची खालची रांग वरचीपेक्षा चांगली लांब, नराच्या दोन्ही जवळपास सारख्या. मात्र हे जुळवून आणावं लागतं. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आईचं झेड फक्त मुलग्यांना मिळतं. लेकींचं झेड बापाचं. पिसं उशिरा फुटवणारं प्रभावी जनुक झेडवरच असतं. आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर येणाऱ्या वाणाचा निवडला, की मुलगे आईवर जातात आणि लेकी बापावर. गावठी कोंबड्यांत असं कुणी जुळवलेलं नसतं, तिथे पंख बघून उपयोग नाही.

हाच झेड जात ओळखतानाही चकवतो. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९११ मध्ये काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्याचा तपकिरी लेगहॉर्न कोंबडीशी संकर केला. लेकी गडद काळ्या निघाल्या, मुलगे बरेच उजळ. काळेपणा दाबणारं जनुक आईच्या झेडवर होतं, ते फक्त मुलग्यांकडे गेलं. आपल्या मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ या काळ्या वाणाचा रंग सिल्कीच्याच जनुकीय बदलातून आलेला आहे. तेव्हा कडकनाथ कोंबडा आणि उजळ पायांची कोंबडी यांची काळी लेक ‘अस्सल कडकनाथ’ म्हणून सहज खपू शकते. काळे पाय पाहून दुप्पट पैसे मोजू नका. आईबाप दाखवा म्हणा.

टोकदार अंड्यातून नर निघतो, ही निव्वळ समजूत.

गावठी पिल्लांच्या बाबतीत थांबावंच लागतं. दीड-दोन महिन्यांत नराचा तुरा लाल होऊन वाढू लागतो, पण काही तलंगांचाही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचाही, तुरा लवकर फुलतो आणि भले भले फसतात. तीन महिन्यांनी शेपटीच्या मुळाशी पाठीवरचं एक पीस बोटांत धरून बघा. टोक गोलसर असेल तर तलंग. भाल्यासारखं निमुळतं आणि चकचकीत असेल तर कोंबडा.