स्कॉटलंडमध्ये लिलावातून जुनी एअर रायफल घेताना: प्रमाणपत्र, पात्रता आणि कागदपत्रे

बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची एअरस्पोर्टर किंवा वेब्लीची मार्क थ्री यांसारख्या जुन्या एअर रायफली, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या बंदुका, ब्रिटनमधील लिलावांत नेहमी दिसतात, आणि त्या दुरुस्त करून पूर्ववत करण्याचा छंद तेथे चांगलाच रुजलेला आहे. इंग्लंडमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला ठरावीक मर्यादेखालील शक्तीची एअर रायफल प्रमाणपत्राशिवाय विकत घेता येते. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१५ च्या एअर वेपन्स अँड लायसन्सिंग कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०१६ पासून एअर वेपन सर्टिफिकेट बंधनकारक आहे. एडिंबरा किंवा ग्लासगो येथे राहणाऱ्या मराठी छंदिष्टाने म्हणूनच आधी प्रमाणपत्र मिळवावे आणि मगच बोली लावावी. प्रमाणपत्राविना अशी रायफल विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे.

प्रमाणपत्राची ही अट नळीच्या तोंडाशी एक ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा देणाऱ्या एअर रायफलींना लागू होते. बारा फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.२७ ज्यूल, ही मर्यादा ओलांडली की तीच रायफल बंदुकांच्या वर्गात जाते आणि तिच्यासाठी फायरआर्म सर्टिफिकेट लागते. रायफल खोलून ठेवली म्हणून अट टळत नाही, कारण कायद्याने सुटे भागही 'एअर वेपन' या व्याख्येत घेतले आहेत.

अर्ज पोलीस स्कॉटलंडकडे करावा लागतो. चौदा वर्षांवरील व्यक्ती अर्ज करू शकते, परंतु अठरा वर्षांखालील प्रमाणपत्रधारकाला रायफल खरेदी करता येत नाही, त्यामुळे लिलावाचा मार्ग त्याच्यासाठी बंदच असतो. अर्जदार योग्य व्यक्ती आहे, शस्त्र बाळगण्यास त्याच्यावर बंदी नाही, त्याच्याकडे सबळ कारण आहे आणि त्याच्यामुळे सार्वजनिक सुरक्षेला किंवा शांततेला धोका नाही, याची खात्री पोलीस करून घेतात. तीन महिने किंवा अधिक परंतु तीन वर्षांहून कमी कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीवर सुटकेनंतर पाच वर्षे बंदी असते, आणि तीन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्यावर ती कायमची असते. कारणाच्या रकान्यात 'आवड आहे' एवढेच लिहून भागणार नाही. जुन्या रायफलींचा संग्रह आणि त्यांची दुरुस्ती, किंवा निशाणेबाजी, असे नेमके कारण नोंदवावे.

पूर्ण भरलेल्या अर्जासोबत छायाचित्र आणि शुल्क द्यावे लागते. योजना सुरू झाली तेव्हा शुल्क ७२ पौंड होते, तरी चालू दर पोलीस स्कॉटलंडकडून पाहून घ्यावा. अर्जाची पडताळणी करणारी व्यक्ती अर्जदाराला किमान दोन वर्षे ओळखणारी हवी आणि ती त्याची नातेवाईक नसावी. नुकतेच स्थलांतर केलेल्यांना हीच अट अधिक जड जाते. प्रौढांसाठी प्रमाणपत्र साधारणतः पाच वर्षांसाठी मिळते आणि त्यावर प्रत्येक रायफलीची स्वतंत्र नोंद नसल्याने पुढील खरेदीसाठी नवा अर्ज करावा लागत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने या व्यवस्थेतील सर्वांत सोयीची बाब हीच आहे.

लिलावगृहाने रायफल घरी पाठवावी अशी अपेक्षा ठेवू नये. व्यावसायिक विक्रीत एअर रायफल समोरासमोर हाती देणे बंधनकारक आहे. लांबच्या लिलावगृहातून ती खरेदीदाराजवळच्या नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्याकडे पाठवली जाते आणि तेथून ताब्यात घ्यावी लागते.

दुरुस्तीत गंज काढणे, लाकडी दस्ता घासून तेल देणे किंवा झिजलेले चामडी वॉशर बदलणे यात कायदेशीर अडचण नाही. जपायचे ते स्प्रिंग बदलताना, कारण छर्ऱ्याचा वेग तिच्यावर अवलंबून असतो. ०.५४७ ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला २३० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा सुमारे १४.५ ज्यूल भरते, परंतु तोच वेग २४५ मीटर झाला तर ती १६.४ ज्यूलवर जाऊन मर्यादा ओलांडते. म्हणून नवी स्प्रिंग बसवल्यावर क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, आणि तेही वेगवेगळ्या वजनाच्या छर्ऱ्यांनी, मोजणी करून घ्यावी. मोबदला घेऊन इतरांच्या रायफली दुरुस्त करायच्या असतील तर शस्त्रविक्रेता म्हणून नोंदणी आवश्यक ठरते.

स्कॉटलंडचे रहिवासी नसलेल्या आणि आपली रायफल तेथे नेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने, ती इंग्लंडमध्ये कायदेशीररीत्या घेतलेली असली तरी, प्रवासापूर्वीच पोलीस स्कॉटलंडकडे अभ्यागत परवान्यासाठी अर्ज करावा.